घासून गेलेलं गाणं

मी एकदा एक रेकॉर्ड राखेनं घासली.

हे वाचून आजची पोरं हसायची नाहीत. त्यांना रेकॉर्ड ठाऊक नाही, आणि घरात चूल राहिली नाही म्हणून राखही ठाऊक नाही. तेव्हा नीट सांगते. रेकॉर्ड म्हणजे गाण्याची तबकडी. ताटलीएवढी, काळी, वर गोल गोल बारीक रेघा. ती फिरायला लागली की रेघेतनं सुई जाते आणि आवाज निघतो. राखेनं भांडी घासतात. मी तबकडी घासली. वर लिंबूही पिळलं असतं, पण साल दुष्काळाचं, लिंबू मिळालं नाही. नाहीतर माझ्या हुशारीला काही सीमा नव्हती.

मॅट्रिक पास होते ना! लग्न होऊन लातूरहून ढोकीच्या बाजूच्या त्या गावात आले, तेव्हा गल्लीत मॅट्रिक पास बाई मी एकटीच. नवरा साखर कारखान्यात स्टोअरला, आणि मी गल्लीला शहाणं करायला मोकळी. कुणाच्या भाकरीला चिरा पडतात, कुणाच्या पोराला खरूज झालीय, सगळ्यावर माझ्याकडं इलाज तयार. एका साप्ताहिकात बायकांसाठी युक्त्या यायच्या, त्या कापून मी ट्रंकेच्या झाकणाला आतनं चिकटवायची. ट्रंक उघडली की ज्ञान उघडायचं.

ज्यांची तबकडी घासली ते आमचे घरमालक. पुढच्या खोलीत आम्ही भाड्यानं, मागं ते आणि त्यांची बायको. मूलबाळ नाही. मी त्यांना काका म्हणायची आणि बायकोला काकू.

परवा नातवाच्या लग्नाची सीडी मध्येच थांबायला लागली. नवरदेव हार घालायला हात वर करतो, तो वरच. सून म्हणाली, लातूरला एक दुकान आहे, खराब सीडीतलं सगळं काढून देतात. मीही गेले तिच्याबरोबर. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "काय होतंय सीडीला?" मी म्हटलं, "तोंडानं करून दाखवू का?" सुनेनं माझा दंड धरला आणि मला बाहेरच्या खुर्चीत नेऊन बसवलं. तिला काय माहीत, मी ज्यांच्या ओसरीवर हे शास्त्र पाहिलं, तिथं आधी तोंडानंच करून दाखवावं लागायचं.

काकांचा धंदा लाऊडस्पीकरचा. दोन भोंगे, एक मशीन, चावीचा एक जुना ग्रामोफोन. पण जीव सगळा खराब झालेल्या तबकड्यांत. माकणी, सास्तूर, कुठून कुठून लाऊडस्पीकरवाले एसटीनं यायचे, पिशवीत अडकणाऱ्या तबकड्या घेऊन. काका पिशवीला हात लावायचे नाहीत.

"ऱ्हाऊ द्या पिशवीतच. कशी अडकती ते तोंडानं करून दाखवा."

"म्हंजी?"

"म्हंजी आवाज काढा. अडकल्यावर काय म्हणती ती?"

मग तो मिशीवाला धिप्पाड गडी इकडंतिकडं बघायचा, कुणी बाईमाणूस नाही ना म्हणून. मी खिडकीआड असायचीच. मग तो घसा खाकरून सुरू व्हायचा, "घ्यांऽ घ्यांऽ टक. घ्यांऽ घ्यांऽ टक."

काका डोळे मिटून ऐकायचे. "टक आधी का घ्यां आधी?"

"घ्यां आधी."

"मग चरा आडवा न्हाय, तिरका हाय. बाहेरनं आत आलाय. सुई उचलताना कुणीतरी शिंकलंय."

त्या माणसाचा चेहरा उतरायचा. शिंकलेला तोच असायचा.

मग तबकडी बाहेर. वाकडी झालेली असली तर दोन काचांच्या मधी घालून उन्हात. चरा असला तर बाभळीच्या काट्यानं तो तासन्‌तास कोरत बसायचे. लोखंडाच्या सुईवर त्यांचा विश्वास नव्हता. "लोखंड रेघ खातंय, बाभूळ रेघ चाटती," म्हणायचे. आमच्या परसातल्या बाभळीला शेळ्या लागू द्यायचे नाहीत ते ह्याच्यासाठी. शेळीवाली म्हातारी म्हणायची, "पाल्याला म्हाग, काट्याला धनी!"

काका निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळं तोंडात उर्दू. कुणी घाई केली की "सबर!" एवढंच. आणि माणसंही त्यांनी तबकड्यांसारखी वाटून ठेवलेली. तबकडी तीन वेगांनी फिरते, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, पंचेचाळीस नाहीतर तेहतीस फेरे, तसं सगळं गाव ह्या तीन वेगांत. ग्रामसेवक तेहतीस. पोस्टमन पंचेचाळीस. माझ्या नवऱ्याला एकदा म्हणाले, "तुमच्या मंडळी मूळच्या तेहतीसच्या. कुणीतरी अठ्ठ्याहत्तरवर लावून दिल्यात." नवरा घरी येऊन पोट धरधरून हसला. त्या दिवशी मी भाकरीबरोबर कोरड्यास केलंच नाही. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि वर मिठाचा खडा. हस म्हटलं आता.

सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन होतं तेव्हाची गोष्ट गावात फार दिवस चालली. त्या साली गोदामात ठेवायला काय होतं देव जाणे, पण गोदाम झालं होतं आणि मांडव घातला होता. चेअरमन बोलायला उठले, आणि काकांच्या मशीनवरची सनई नेमकी तिथं अडकली. पींऽपिपीं, पींऽपिपीं, पींऽपिपीं. एक कार्यकर्ता सुई उचलायला धावला. काका मशीनवर आडवेच झाले.

"हात लावायचा न्हाय! मधनं उचलली की रेघ मोडती. जाईल ती पुढं, तिच्या मनानं. सबर करा."

चेअरमन गळ्यात हार, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू. हसू हळूहळू वाळायला लागलं. मांडवातनं कुणीतरी ओरडलं, "चेअरमनसाहेब, चालू द्या हेच! भाषणापरीस सुरात हाय!" मांडव हसून फुटला. शेवटी सनईला काय वाटलं कुणास ठाऊक, ती आपली आपण पुढं सरकली, आणि काकांनी सभेकडं असं पाहिलं की जणू गोदाम ह्यांनीच बांधलंय. दुसऱ्या दिवशी निरोप आला, इथून पुढं सोसायटीच्या कार्यक्रमाला तेर गावचा लाऊडस्पीकर येईल. काका म्हणाले, "तीन सूर ऐकायचा दम न्हाय, त्यो सोसायटी काय चालवणार?"

इतका कानाचा पक्का माणूस, पण काकूंचं काही त्यांना ऐकू यायचं नाही.

काकूंचा आवाज गेला होता. मी यायच्या कितीतरी आधी तापात घसा बसला तो उठलाच नाही. सोलापूरपर्यंत दाखवून झालेलं. वाळल्या कडब्यात उंदीर फिरावा तसं बोलायच्या. कान जवळ नेला की सगळं नीट कळायचं, आणि बोलायच्या ते बिब्ब्यासारखं, जिथं लागेल तिथं उठायचं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसायची ते त्यासाठीच. एकदा माझ्या ट्रंकेच्या झाकणावरच्या युक्त्या वाचून दाखवल्या, तर म्हणाल्या, "एवढं लिवायला त्या बाईला येळ कधी गावतो? तिच्या घरी स्वैपाक कोण करतं?" काका मात्र तिकडं कान लावायचेच नाहीत. जेवायला बोलवायला काकू चिमट्यानं ताट वाजवायच्या. आतनं उत्तर यायचं, "आलो. सुरात वाजव जरा."

आता ती तबकडी. काकांकडं ढिगानं तबकड्या, पण ही एकच पेटीत, मलमलीत गुंडाळलेली. दुकानातली नव्हे. लग्न झाल्यावर काका काकूंना घेऊन हैदराबादला गेले होते, तिथं एका नुमाईशीत, म्हणजे प्रदर्शनात, आवाज कोरून द्यायचा एका मास्तरांचा ठेला होता. कपाटाएवढ्या खोलीत जायचं, भोंग्यात बोलायचं, की तुमचा आवाज तिथल्या तिथं तबकडीवर उतरायचा. पत्र्याची तबकडी, वर काळा लेप, त्या लेपात रेघ. काकांनी काकूंचा आवाज उतरवून घेतला.

"गाणं म्हटलं हिनं," काका सांगायचे. "खोली दणाणली."

तबकडी गावी आणली, पण वाजवायला ग्रामोफोन यायचा होता. तेवढ्यात रझाकारांची धामधूम सुरू झाली. लोकांनी दागिने धान्याच्या पेवात पुरले. काकांनी तबकडी पुरली. काकूंचे दागिने पुरायचे राहिले, ते गेले. धामधूम निवल्यावर पेव उघडलं तर तबकडीवर पांढरा मेणचट थर. सुई टेकली की गोट्यावरनं पाय निसटावा तशी निसटायची. तेव्हा काकूंना आवाज होता, म्हणून कुणाला घाई नव्हती. मग आवाज गेला, आणि काकांना ध्यास लागला. गावोगावच्या तबकड्या ते बऱ्या करायचे त्या हात बसावा म्हणून. ही एक वाजवायची होती. म्हणजे ती त्यांनी एकदाही ऐकलेली नव्हती.

"गाणं म्हटलं हिनं" असं ते म्हणाले की काकू आढ्याकडं बघायच्या. मला वाटायचं लाजतात. मॅट्रिकला असलं काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गावाला टँकरनं पाणी यायचं. घरटी मोजून घागरी. काका माकणीकडं एका लग्नाला भोंगे घेऊन गेले होते, काकू गल्लीत कुणाकडं बसायला. तबकडी ओसरीवर मलमलीवर ठेवलेली, वारं लागावं म्हणून. मी पाहिलं, वर पांढरी बुरशी. मनात म्हटलं, एवढा ध्यास आणि कुणी साधी स्वच्छ करू नये? मला अठ्ठ्याहत्तरवर लावलेली म्हणतात काय! दाखवतेच आता संसारी बाईचा हात.

आणि माझा त्याग बघा. स्वतःच्या वाटणीच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी घेतलं. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे लेकीला सोनं द्यावं तसं. गोवऱ्यांची राख चाळून घेतली, सगळ्या तबकडीवर लेप दिला, आणि काथ्यानं कडेपासून गोल गोल घासायला लागले. जराशानं कड चमकायला लागली. पांढरीशुभ्र चकाकी! मी हरखले. वरचा काळा मळ निघून आत चांदी लागलीय असं वाटलं. अजून जोर लावला. अर्ध्यापर्यंत आले असेन, तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. हातातलं टाकून घागर घेऊन पळाले. रांगेत भांडणं झाली, त्यातल्या निम्म्यात मीच होते, आणि परत येईपर्यंत आतल्या अर्ध्यावरची राख तशीच ओली बसून राहिलेली. पदरानं पुसून ठेवली आणि काकांची वाट बघत बसले, शाबासकीसाठी.

काका आले. तबकडी उचलली. उन्हाकडं धरली. भोंग्यातनं वारा जावा तसा एक श्वास सोडला. मग मला म्हणाले,

"राख कशाची?"

"गोवऱ्यांची, काका."

"चाळलेली?"

"हो! बारीक चाळणीनं," मी मान वर करून सांगितलं.

"चाळली ते बरं केलं," म्हणाले, आणि आत गेले.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा चिमटा वाजून वाजून थकला, आणि काका ताटावर आले नाहीत. काकूंनी माझ्या कानात सगळं सांगितलं तेव्हा मला कळलं की मी चांदी नाही, पत्रा उघडा पाडलाय. काळा मळ म्हणून जो काढला, त्यातच आवाज होता. दोन दिवस ट्रंक उघडली नाही.

काका माझ्याशी बोलायचे बंद झाले. नवऱ्याला तेवढं म्हणाले, "तुमच्या मंडळींना सांगा, ओसरीवर येताना हात मोकळे ठेवून यायचं." नवरा दुसरी खोली बघायला लागला. काढलं असतं आम्हाला, तरी कुणी त्यांना नाव ठेवलं नसतं.

आणि एका सकाळी काका दारात उभे. "बाई, ती राख अजून हाय का?"

मला वाटलं आता तोंडाला फासतात. तर ते सांगायला लागले. काठाकाठानं मी घासलं तिथं सगळं गेलं. पण आत, जिथं राख नुसती ओली बसून राहिली, तिथला मेणचट थर सुटलाय. रेघा दिसायल्यात. इतकी वर्षं रॉकेल, स्पिरिट, रिठे करून जे सुटलं नव्हतं ते.

"म्हणजे माझ्यामुळं..." मी सुरू झाले.

"टँकरमुळं," काका म्हणाले.

पण लेपाचीही पापडं सुटायला लागली होती. सुई एकदा फिरली की मागं सगळं सोलून निघणार. "एकदाच वाजंल," काका म्हणाले. "एकदाच." मग काटे निवडायला बसले. एकेक काटा नखावर टेकवून बघायचे आणि टाकून द्यायचे. ग्रामोफोनची सुई धरणारी मान जड, म्हणून ती तुळईला दोरा बांधून अधांतरी तोलून धरली, तबकडीला जेमतेम शिवेल अशी. हे जमलं नाही तर ते काय करतील, असं मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "जगतील. पर माझ्याकडं बघून न्हाय."

दुपारची वेळ धरली. काकांनी गल्ली गप्प केली. गिरणीवाल्याला पट्टा काढायला लावला. तो म्हणाला, "काढतो की, दळायला हाय काय?" एरवी गावात दुपारीही बैल हंबरतात, कुत्री भुंकतात, पाखरं असतात. त्या साली जनावरं छावणीला, पाखरं कुठं गेली देवाला ठाऊक, वारा पडलेला. दुष्काळानं गाव असं चिडीचूप करून ठेवलं होतं, की खास ह्या माणसाची सोय केल्यासारखं.

काकू ओसरीच्या कडेला सुपात मिलो निवडत होत्या. काकांनी हात वर केला तसं सूप मांडीवर धरून थांबल्या. काकांनी एक कान कर्ण्यात घातला आणि मला खूण केली, दुसऱ्या बाजूनं मी घालावा. "तुमचे कान तरणे हायत. ऐकायचं. बोलायचं न्हाय."

चावी दिली. काटा घासल्या भागाच्या आत टेकवला.

आधी नुसतं तेलात मोहरी तडतडावी तसं. मग त्यातनं एक आवाज वर आला. पुरुषाचा. तरणा, खणखणीत, घाईतला.

"...हां, तोंड हिकडं कर. लांब नगं. मोठ्यानं बोल. लाजू नगं, कुणी न्हाय हितं. अगं बोल की, टाइम चाललाय. हां. आता. न्हाय, तसं न्हाय, आधी श्वास घे. हां, घेतलास? मग बोल की. किती टाइम ऱ्हायला हो मास्तर? बघ, संपत आला. मी सांगतो तसं म्हण. म्हण..."

काकाच होते. लेप सोलून निघत होता, काळी टरफलं काट्यामागं उडत होती, आणि काका बोलतच होते. मी तिरक्या डोळ्यानं काकूंकडं पाहिलं. त्या सुपाकडं बघत होत्या.

अगदी शेवटी, मधल्या कागदाजवळ, एका पोरीचा आवाज आला. बारीक, स्वच्छ, काचेच्या बांगडीसारखा.

"बोलू का?"

आणि मग नुसतं खर्र खर्र. तबकडी संपली होती.

काकांनी मान वर केली. गालावरनं पाणी ओघळत होतं ते त्यांना कळतही नव्हतं. "ऐकलात? बाई, ऐकलात आवाज? म्या म्हणत नव्हतो?" मग बायकोकडं वळून, "अगं, ऐकलंस का? तू हायस!"

काकूंनी मान हलवली.

"गाणं अलीकडं होतं," काका म्हणाले. "आपण वाजवलं ते गाणं झाल्यावरचं. गाणं घासलेल्या भागात गेलं."

आता माझं मॅट्रिक जागं झालं. जी बाई गाणं म्हणून मोकळी झाली, ती शेवटी 'बोलू का' कशाला विचारेल? आणि हे तिला बोल बोल का म्हणतील? इतकं सरळ गणित. मी तोंड उघडलं, "पण काका, गाणं जर आधी झालं असतं, तर काकू मग..."

धाडकन आवाज झाला. काकूंच्या मांडीवरचं सूप उलटलं होतं. मिलो सगळ्या ओसरीभर. त्या साली दाणा सांडणं म्हणजे पापच. मी बोलायचं टाकून खाली बसले वेचायला. काका आत गेले, उरलेली पत्र्याची चकती मलमलीत गुंडाळायला.

पुढं आम्ही त्या घरात राहिलो तोवर येणाऱ्या प्रत्येकाला काका माझी ओळख करून द्यायचे, "ह्या बाई. ह्यांनी माझ्या बायकोचं गाणं राखेनं घासलं." वर जोडायचे, "चाळून." आणि मी, गल्लीला शहाणं करणारी, खाली मान घालून म्हणायची, "हो, चुकलं माझं." नवऱ्यालाही आश्चर्य वाटायचं, ही गप्प कशी बसते म्हणून. त्याला मी सांगितलं नाही. त्या दुपारी दाणे वेचता वेचता मी काकूंच्या तोंडाशी कान नेला होता आणि विचारलं होतं, "काकू, खरं सांगा, गाणं होतं का हो?" त्यांनी आतल्या दाराकडं एकदा पाहिलं, मूठभर मिलो सुपात टाकली, आणि कुजबुजल्या,

"मला कुठं गाता येतंय, पोरी. पर जल्मात त्यांनी माझं काय ऐकलं असंल, तर ते एक न झालेलं गाणं. तेवढं ऱ्हाऊ दे त्यांना. घासलंस तूच, तुझ्याच हातनं गेलं म्हण. तुझं काय जातंय?"